डब्यातलं दहिवर

“न्या की. ऊन आलं की जाणारच हाय ते.”

लिंगमळ्याच्या उतारावर स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात उभी असलेली बाई एवढंच बोलली आणि पुन्हा खाली वाकली. अंगात नवऱ्याचा असावा असा ढगळ स्वेटर, डोक्याला गच्च बांधलेला स्कार्फ, पायांत रबरी बूट. माझा भाचा तिच्या बांधावर उकिडवा बसून डब्याच्या झाकणाच्या कडेनं पानांवरचा पांढरा थर खरवडत होता. खरं तर मी त्याला थांबवायला हवं होतं. त्याऐवजी मी तिलाच विचारलं, “ताई, थोडं घेतलं तर चालेल ना?” त्यावरचं तिचं हे उत्तर. आवाजात राग नव्हता आणि कौतुकही नव्हतं. पुढे दिवसभर आम्ही डोंगराच्या धारेवरून चाललो, दोन्ही बाजूंच्या दऱ्या डोळे भरून पाहिल्या, भाकरी खाल्ली, फोटो काढले, आणि त्या सगळ्यात तिच्या वाक्यातला शेवटचा शब्द माझ्याबरोबर चालत राहिला. ‘ते’ म्हणजे नेमकं काय जाणार होतं? पानावरचं पांढरं, की त्याखालचं पीक?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. सुट्टीसाठी भाऊ पुण्याहून नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन साताऱ्याला आला होता आणि मुलाचा एकच हट्ट होता, बर्फ बघायचा. पेपरात दरवर्षीसारखी बातमी आली होती, महाबळेश्वरला वेण्णा लेक ते लिंगमळा परिसरात हिमकण. फोटोत गाड्यांच्या टपांवर आणि बोटी लागतात त्या जेटीच्या फळ्यांवर पिठी साखर भुरभुरावी तसं काहीतरी दिसत होतं. आम्ही पहाटे साडेचारला निघालो. मेढा मागे पडलं, केळघरचा घाट चढताना गाडीच्या काचा आतून धुरकटायला लागल्या. तळ्याजवळ पोचलो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं आणि पाण्यावरून वाफ निघत होती, तापत ठेवलेल्या हंड्यावरून निघावी तशी. तळं शांत, वारा अजिबात नाही. गाडीचं दार उघडलं आणि नाकात गारठा असा शिरला की डोळ्यांतून पाणीच आलं.

आणि खरंच सगळं पांढरं होतं. सबंध नाही, जागोजाग. गवताच्या काड्या, कुंपणाची तार, वाफ्यांवर अंथरलेला काळा कागद. मी एका पानाशेजारी बसले. स्ट्रॉबेरीच्या पानाला तीन दलं असतात आणि प्रत्येक दलाची कड करवतीसारखी दातेरी. त्या प्रत्येक दातावर एकेक बारीक पांढरा दाणा बसला होता, एकही दात न चुकवता. पानाच्या शिरांवर त्याहून बारीक, सुईच्या टोकासारखे उभे काटे. मी श्वास जरा जोरात सोडला तर जवळचे दोन-तीन दाणे विरघळून थेंब झाले. पुन्हा मी तोंडावर रुमाल धरूनच पाहत राहिले.

आमच्या घरात याला बर्फ म्हणत नसत, हिमकणही नाही. आमच्याकडचा शब्द दहिवर. पहाटे गवतावर पडतं ते दहिवर, आणि फारच गारठा पडला तर गोठलेलं तेही दहिवरच. हा शब्द मला अण्णांकडून आला. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते आणि बरीच वर्षं सातारा-महाबळेश्वर मुक्कामी गाडी त्यांच्याकडे असे. रात्री गाडी वर जायची, पहाटे पहिली फेरी घेऊन खाली यायची. हिवाळ्यात ते घरी आले की आई त्यांच्या हातात चहाचा पेला द्यायची आणि ते पेला आधी दोन्ही गालांना लावायचे. मग सांगायचे, “आज तळ्यावर सगळं पांढरं होतं. काच पुसायला हात लावला तर बोटं चिकटली.” मी आणि धाकटा भाऊ ते ऐकत बसायचो. साताऱ्यात राहून आम्ही पांढरं काही बघितलेलं नव्हतं. पाऊस आमच्या पाचवीला पुजलेला, धुकं ओळखीचं, पण पांढरं दहिवर फक्त अण्णांच्या बोलण्यात होतं.

मी चौथीत असताना एके दिवशी ते आले आणि चहा न घेता त्यांनी मफलर सोडला. मफलरच्या आत कानटोपी, कानटोपीच्या आत जेवणाचा डबा. डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, “उघड. बघ काय आणलंय.” मी झाकण उघडलं. आत पाणी होतं, तळाला दोन-अडीच चमचे. अण्णा वाकून बघत राहिले. “घाट उतरेपर्यंत होतं गं,” म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते हिरमुसलेपण मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण मोठ्या माणसाला असं हिरमुसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्या पाण्यात एक पान तरंगत होतं. दातेरी कडेचं, तीन दलांपैकी एकच दल. मी ते पुसून मराठीच्या पुस्तकात ठेवलं आणि पाणी तसंच डब्यात झाकून ठेवून दोन दिवस उघडून उघडून बघत राहिले.

परवा त्या बांधावर बसेपर्यंत मी कधी विचारच केला नव्हता, की ते पान कुणाच्या शेतातलं होतं.

लिंगमळ्याहून आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. पंचगंगेच्या देवळात पाच धारांच्या पाण्याला हात लावला. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. दगडी गोमुखातून पडणारं पाणी सकाळच्या त्या हवेत चक्क कोमट लागत होतं. गाडी तिथेच ठेवून आर्थर सीटकडे चालत निघायचं असं ठरवलं होतं. बहुतेक लोक हा रस्ता गाडीनेच करतात, एकेका पॉइंटला उतरून. पण हा रस्ता पायांनी केल्याशिवाय कळतच नाही की आपण एका लांब धारेवरून चाललो आहोत. झाडी दाट, पण उंच नाही. पावसाळ्यातल्या वाऱ्यानं चाबूक मारून खुजी ठेवलेली जांभळं, अंजनी, हिरडे, गेळे. खोडांवर शेवाळ इतकं जाड की त्यात बोट पेरभर रुतावं. पायाखाली जांभ्याची तांबडी माती, तिच्यावर दहिवरानं ओली झालेली पानं. मध्येच झाडी फाटते आणि डाव्या हाताला जमीन एकदम संपते. तिथे सावित्रीची दरी. काळे उभे कडे, थेट कोकणात उतरलेले, तळाशी निळसर धुरकट काहीतरी. पुढे गेलं की उजव्या हाताला जोरचं खोरं, हिरवं, भरगच्च, कृष्णेचं. एकाच धारेच्या दोन बाजूंना दोन वेगळी गावं असावीत तशा या दऱ्या आहेत, एकमेकींशी काही संबंध नसल्यासारख्या.

भाच्यानं डबा पोटाशी जाकिटात धरला होता. तासाभरात त्यानं तो चार वेळा उघडून पाहिला. पहिल्यांदा पांढरा लगदा होता, मग पाण्यात तरंगणारे चार खडे, मग एक खडा, मग नुसतं पाणी. तो काही बोलला नाही. झाकण लावून पुन्हा जाकिटात ठेवलं. थोडं पुढे गेल्यावर त्यानं विचारलं, “आत्या, आपण खालून वर आलो ना? मग इथे जास्त थंडी पाहिजे. इथे बर्फ का नाही?”

प्रश्न बरोबर होता. धारेवरच्या गवतावर नुसते थेंब होते, पांढरं कुठेच नाही. मी पंचवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. एक किलोमीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हे मी किती वर्गांकडून घोकून घेतलं असेल. आणि त्याच धड्यात पुढे दोन ओळींत येणारी ‘तापमानाची विपरीतता’ ही टीप म्हणून लिहून दिली, चार गुणांची. त्याला मी ती चालता चालता सांगितली. आकाश निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन दिवसभराची ऊब रात्री आभाळाकडे सोडून देते, अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घ्यावं तशी उघडी पडते. तिला लागून असलेली हवा गार होते. गार हवा जड. ती उतारावरून पाण्यासारखी खाली सरकते आणि जिथे खोलगट जागा असेल तिथे साचते. महाबळेश्वरात सगळ्यात उंच विल्सन पॉइंट, १,४३९ मीटर. पण पांढरं दिसतं ते तिथे नाही, तळ्याकाठी आणि लिंगमळ्याच्या खळग्यात. म्हणूनच गावातल्या हवामान केंद्रावर सहा-सात अंश नोंदलेले असतानाही तळ्याकाठचं पान गोठलेलं असतं. केंद्रातला तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर टांगलेला, आणि पान जमिनीला टेकलेलं.

“म्हणजे थंडी खाली वाहत जाते?” त्यानं विचारलं.

हो म्हणाले. आणि सांगता सांगता मला जाणवलं की त्या खळग्यांत काय काय असतं, हे मी वर्गात कधी बोललेच नाही. खळग्यात माती खोल असते, पाणी जवळ असतं, म्हणून शेतं तिथेच असतात. रात्रभर आजूबाजूच्या सगळ्या डोंगरांवरचा गारठा उतरत उतरत येतो आणि बरोबर त्या बाईच्या वाफ्यांवर येऊन बसतो.

मी खराखुरा बर्फ पाहिला तो फार उशिरा, काही वर्षांपूर्वी, साताऱ्यातल्या आमच्या चालणाऱ्या बायकांच्या गटाबरोबर उत्तराखंडात गेले तेव्हा. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. चोपत्याहून तुंगनाथ साडेतीन किलोमीटर, आणि तिथून वर चंद्रशिळेची धार. एका दिवसात जाऊन यायचं. आदल्या रात्री तिथे मोसमातला पहिला बर्फ पडला होता. दगडी फरसबंदीची वाट पहिल्यांदा नुसती ओली होती, मग दगडांच्या फटी पांढऱ्या दिसायला लागल्या, मग दगड दिसेनासे झाले. तुंगनाथाचं देऊळ बारा हजार फुटांवर, आणि त्याच्या दगडी शिखरावर बर्फाची पातळ वळी. थोड्याच दिवसांत देव खाली मक्कूला जाणार होता, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. देवळापुढच्या चढावर पाऊल टाकलं की करकर असा आवाज यायचा, कोरड्या रव्याच्या पोत्यावर हात दाबावा तसा. वर धारेवर पोचलो तेव्हा चौखंब्याचं शिखर इतकं जवळ आलं होतं की बघवेना. सगळ्या बायका रडल्या, मीही रडले. पण माझ्या डोक्यात त्या वेळी अण्णा होते. मी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला आणि तो हातात किती वेळ राहतो ते बघत उभी राहिले. बराच वेळ राहिला. हात बधिर झाला तरी तो होताच.

उतरताना खेचरवाल्यानं सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली. तो म्हणाला, बर्फ लवकर पडला ते बरं झालं, आता खाली गावातले झरे उन्हाळ्यापर्यंत आटणार नाहीत. त्याच्या लेखी बर्फ म्हणजे वर डोंगरावर साठवून ठेवलेलं पाणी होतं, कणगीत धान्य भरून ठेवावं तसं. तिथे बर्फ आधी धारेवर पडतो आणि हळूहळू खाली पोचतो. आमच्याकडे उलट. आमच्या धारा कोरड्या राहतात आणि पांढरं उतरतं ते थेट माणसाच्या शेतात. ते साठत नाही, कुणाला पाणी देत नाही. तासाभराचं असतं, आणि त्या तासात जे करायचं ते करून जातं.

आर्थर सीटला पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. या जागेचं जुनं नाव मढीमहाल, आता फारसं कुणी घेत नाही. सहलींच्या गाड्या अजून आल्या नव्हत्या. कठड्याशी उभं राहिलं की कोकणातून वर येणारा वारा तोंडावर आदळतो, आणि तो वारा गार नव्हता. खालच्या उन्हात तापून कड्याला धरून वर चढलेला, किंचित ऊबदार, वाळलेल्या गवताचा वास असलेला. भाच्यानं एक वाळकं पान कड्याबाहेर सोडलं. ते खाली जायच्या ऐवजी डगमगत वर आलं आणि आमच्या डोक्यांवरून मागे झाडीत गेलं. त्यानं तीनदा सोडलं, तिन्ही वेळा तसंच. मग तो उजवीकडच्या खोऱ्याकडे बघत म्हणाला, “आत्या, हे पाणी इथे ओतलं तर कुठे जाईल?” मी सांगितलं. या बाजूला ओतलंस तर सावित्री, बाणकोट, अरबी समुद्र. त्या बाजूला ओतलंस तर कृष्णा, मग धोमचं धरण, वाई, माहुली, कराड, सांगली, आणि तसंच पुढे पार बंगालच्या उपसागरापर्यंत. चार पावलांचा फरक. तो डबा हातात घेऊन बराच वेळ मधोमध उभा राहिला. मग म्हणाला, “नको. आजीला दाखवायचंय.” माकडं जवळ यायला लागली तसा डबा पुन्हा जाकिटात गेला.

तिथेच एका सपाट कातळावर आम्ही भाकरी, खर्डा आणि वांग्याचं भरीत काढून बसलो, आणि मी भावाला अण्णांच्या डब्याची आठवण काढून दिली. त्यालाही आठवत होतं. पण त्याचं आठवणं माझ्यापेक्षा वेगळं निघालं. त्याच्या मते डब्यात पान नव्हतंच. अण्णांनी ते पांढरं गाडीच्या काचेवरून खरवडून आणलं होतं, आणि त्यानं स्वतः ते पाणी पिऊन टाकलं होतं, चवीला डिझेलसारखं होतं म्हणून आईनं त्याला चूळ भरायला लावली होती. मी म्हणाले, पाणी दोन दिवस माझ्याजवळ होतं. तो म्हणाला, दोन दिवस कसलं, तासाभरात मी प्यायलो. मी पानाचं सांगितलं, एक दल, दातेरी. तो गप्प बसला. मग म्हणाला, “ताई, तू तेव्हा सगळीच पानं पुस्तकात ठेवायचीस.” तेही खरं आहे. पिंपळाची, आघाड्याची, कसलीकसली. ते पुस्तक कधीच रद्दीत गेलं. आता विचारावं तर अण्णा नाहीत.

मला एकदा वाटलं, भावाचं खरं असावं. काचेवरचं दहिवर, एसटीचं, कुणाचंच नाही. त्यात कुणाचं पान तुटलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. पण तसं वाटून बरं वाटेना. माझ्या मनातले अण्णा पहाटे गाडी थांबवून, प्रवाशांना दोन मिनिटं म्हणून सांगून, खाकी कपड्यांत कुणाच्या तरी बांधावर वाकलेले आहेत. हातात रिकामा डबा आहे. ते मला सोडवेनात. आणि ते तसेच हवे असतील, तर त्या बांधाच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं हेही मला धरावं लागणार.

परतीची चाल लांबली. उन्हं तिरपी झाली तशी झाडीत मध्येच सोन्याचे पट्टे पडले होते आणि बुलबुलांचा एक थवा आमच्यापुढे झाडाझाडावरून सरकत राहिला. भाचा दमला होता, पण डबा कुणाला देईना. धारेवर एका ठिकाणी झाडी विरळ झाली, दूर पूर्वेला पठाराच्या घड्या दिसल्या आणि एका घडीत वाफ्यांचे काळे पट्टे. लिंगमळा तिथून दिसतो की नाही मला माहीत नाही. पण मी त्या पट्ट्यांकडे बघत उभी राहिले, आणि वरून ते किती नीट, किती सुरेख दिसतात असं मनात आलं. सकाळी त्यांच्यावर पांढरं असताना तर आणखीच सुरेख दिसले असते.

उतरताना मी भावाला लिंगमळ्याला गाडी थांबवायला सांगितली. कारण सांगितलं स्ट्रॉबेरी घ्यायचं. बाई तिथेच होती, सोबत तिची सासू असावी, आणि दोघी वाफ्यातली फुलं बघत होत्या. सकाळचं काहीही शिल्लक नव्हतं. काळा कागद, हिरवी पानं, मधून मधून लाल फळ. पहिल्या नजरेला शेत एकदम धडधाकट दिसत होतं. मी तसं बोलून गेले, “बरं झालं, पिकाला काही झालं नाही ना?” तिनं मान हलवली आणि मला वाफ्याजवळ बोलावलं. एक फूल दोन बोटांत धरून माझ्याकडे वळवलं. पाच पांढऱ्या पाकळ्या, अगदी टवटवीत. मधला गोंडा पिवळा असायला हवा, तो काळा पडला होता, काजळाची तीट लावावी तसा.

“ह्यो बघा, डोळा गेला ह्याचा,” ती म्हणाली. “पाकळी दिसती चांगली. पर आता ह्याला फळ न्हाई.”

मग तिनं दुसरं दाखवलं, तिसरं दाखवलं. शेजारचं एक चांगलं होतं, पिवळं धमक, तेही दाखवलं, मला फरक कळावा म्हणून. मी शिकवत असताना मुलांना नकाशावर जसं बोट ठेवून दाखवायचे तसं ती दाखवत होती. वरच्या अंगाचे वाफे वाचले होते, खालच्या टोकाच्या चार-पाच ओळी गेल्या होत्या. पहाटे उठून पाणी सोडलं होतं, वाहतं पाणी असलं की थोडी ऊब धरते म्हणून. टोकापर्यंत पाणी पोचायला उशीर झाला. काही फळं पिकतील, पण वाकडी होतील आणि वाकडं फळ व्यापारी घेत नाही, मग ते जामला जातं, निम्म्याहून कमी भावात. वाणाचं नाव विचारलं तर म्हणाली, विंटर. तिकडे लावतात तो विंटर डॉन. हिवाळ्यातली पहाट असं ज्याचं नाव आहे, त्याच्याच फुलाचा डोळा हिवाळ्यातल्या पहाटेनं नेला होता, आणि हे मला तिच्यापुढे उभं राहून उच्चारवेना.

सकाळच्या ‘ते’चा अर्थ विचारावा म्हणून मी आले होते. विचारलं नाही. ते वाक्य तिच्या लक्षातही नसणार. हिवाळाभर रोज पहाटे रस्त्यावर गाड्या थांबतात, लोक उतरतात, फोटो काढतात, पानांवरून बोटं फिरवतात. ती सगळ्यांना तेच सांगत असेल. मी दोन पेट्या घेतल्या. तिनं वरून एक मूठ फळं भाच्याच्या हातात दिली आणि विचारलं, “ऱ्हायला का बरफ?” त्यानं झाकण उघडून पाणी दाखवलं. तिनं वाकून बघितलं, त्याच्या गालाला हात लावला. “आजीला द्या,” म्हणाली. आजीला न्यायचंय हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. ती आपली अंदाजानंच बोलली असेल.

घाट उतरताना अंधार पडला. मेढ्याच्या पुढे वेण्णा रस्त्याच्या सोबतीनं वाहते, रात्री दिसत नाही पण पुलावर हवा गार होते त्यावरून कळते. तळ्यातून निघालेली हीच नदी कण्हेरच्या धरणात थांबते आणि माहुलीला कृष्णेला मिळते. अण्णांना आम्ही त्याच संगमावर पोचवलं. वरचं दहिवर वितळून त्यातला एखादा थेंब तरी इथवर येतच असेल, आणता येईल तेवढं नदी रोज आणतच असेल. तरीही त्यांना ते डब्यात आणावंसं वाटलं होतं, मफलरात गुंडाळून, पंचावन्न किलोमीटर. मागच्या सीटवर भाचा झोपला होता आणि झोपेतही त्याचे दोन्ही हात जाकिटाच्या आत होते.

घरी आई जागी होती. तिला आता नीट दिसत नाही, पण तिनं डबा हातात घेतला, बाहेरून चाचपला, कानाशी हलवून पाहिला. मी तिला विचारलं, अण्णांनी एकदा असंच डब्यातून आणलं होतं, आठवतं का? त्यात पान होतं का गं? ती थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “ते बरंच काय काय आणायचे. करवंदं आणायचे, जांभळं, मधाची बाटली. डब्यात भाजी तेवढी तशीच परत यायची.” एवढंच. मी पुन्हा विचारलं नाही. भाच्याला उठवावं का म्हटलं, तर नको म्हणाली, आणि स्वतःच झाकण उघडून बोट पाण्यात बुडवलं.

“अजून गार आहे,” म्हणाली.

ती भिंतीचा आधार घेत मागच्या दारी गेली. मी दिवा लावला. वृंदावनाशी उभं राहून तिनं डबा हळूहळू तिरपा केला आणि पाणी तुळशीच्या बुंध्याशी सोडलं. घोटभर तर होतं, मातीत लगेच जिरलं. डबा विसळायला म्हणून मी हात पुढे केला तेव्हा दिव्याच्या उजेडात मला तळाला काहीतरी चिकटलेलं दिसलं. पांढरी, नखाएवढी, एका बाजूला किंचित फाटलेली पाकळी. भाचा फक्त पानांवरून खरवडत होता, मी बघत होते. तरी ती आली होती. मी आईला सांगितलं नाही, पण तिच्या बोटाला ती लागलीच. तिनं ती अलगद सोडवली, अंगठ्यानं सपाट केली, आणि काय आहे ते न विचारता तुळशीच्या मातीवर ठेवली.